पाण्याच्या पृष्ठभागावर रंगाचा रेणू रेंगाळतो

प्रश्न: नोटा तपासायच्या यूव्ही टॉर्चखाली पिवळ्या हायलायटरची शाई पाण्यात मस्त चमकते, पण माशांच्या टाकीत बुरशीसाठी टाकतात ते मॅलाकाइट ग्रीन चमकत नाही. प्रकाश तर तेही घेतं, मग ती एनर्जी जाते कुठे? पृष्ठभागावरच्या रेणूंचंही असंच होतं का?
– बारावीची विद्यार्थिनी, सांगली

उत्तर: एनर्जी उष्णता होऊन पाण्यात जाते. मॅलाकाइट ग्रीनच्या रेणूत मधे एक कार्बन आणि त्याला पंख्याच्या पात्यांसारख्या तीन बेंझिन रिंग्ज, आणि त्या घट्ट बसवलेल्या नसतात, प्रकाश शोषला की वळायला लागतात आणि वळता वळताच रेणू मूळ स्थितीत येऊन पडतो, चमकायला वेळच उरत नाही. पाण्यात हे सगळं साधारण एका पिकोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागात उरकतं. फ्लुओरेसिन या चमकणाऱ्या रंगाची बांधणी बरीचशी अशीच, पण त्यातल्या दोन रिंग्ज ऑक्सिजनच्या पुलाने जखडलेल्या, त्यामुळे तो सुमारे 4 नॅनोसेकंद, म्हणजे हजारो पट जास्त थांबतो आणि झकास चमकतो.

पात्यांभोवतीचं द्रव जाड असलं की वळणं अडतं. फॉर्स्टर आणि हॉफमन यांनी 1971 मध्ये याच कुळातल्या रंगांवर हे दाखवलं, द्रव जितकं जाड तितकी चमक जास्त. ग्लिसरीन हे नेहमीचं उदाहरण.

आता पृष्ठभाग, आणि तुझ्या प्रश्नातला हाच भाग मला सगळ्यात आवडला. वर हवा आहे म्हणजे पाती मोकळी फिरतील असं वाटतं ना? उलटं होतं! 1990 च्या दशकात कोलंबिया विद्यापीठात आयझेन्थाल यांच्या ग्रुपने मोजलं तर मॅलाकाइट ग्रीनचा रेणू तिथे पाण्याच्या आतल्यापेक्षा काही पट हळू मूळ स्थितीत येतो. अडचण अशी की पृष्ठभागाचा थर जेमतेम एकदोन रेणूंचा, खाली अख्खं भांडं भरलेलं, मग फक्त वरचेच रेणू कसे बघायचे? त्यांनी लेसर टाकून, रेणूंकडून येणारा लेसरच्या दुप्पट फ्रिक्वेन्सीचा प्रकाश पकडला. आत रेणू वाट्टेल त्या दिशेला तोंड करून असतात, त्यांचा असा प्रकाश एकमेकांना मारतो, वरचे मात्र एका बाजूला कललेले, त्यांचाच सिग्नल उरतो. किती सुंदर युक्ती आहे ही! हळू होण्याचं कारण ते असं लावतात की तिथले पाण्याचे रेणू जास्त शिस्तीत बांधलेले असतात, त्यामुळे रिंग्जना वळताना घर्षण जास्त होतं.

आणि हो, मॅलाकाइट ग्रीन विषारी आहे, हातमोजे घालूनच हाताळ, स्वयंपाकाच्या भांड्यात अजिबात नको.