हार्ट फेल्युअरमुळे ठोके अनियमित होतात, की अनियमित ठोक्यांमुळे हार्ट फेल्युअर?

दोन्ही होतं, आणि एकदा सुरू झालं की एक दुसऱ्याला वाढवत नेतं. पंपिंगची ताकद कमी झाली की हृदयाच्या आत दाब वाढतो, वरचे कप्पे ताणले जातात आणि त्या ताणलेल्या स्नायूत एएफ, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन हा अनियमित ठोक्यांचा प्रकार, सुरू व्हायला वेळ लागत नाही. उलट बाजूनं, एएफमध्ये वरचे कप्पे नुसते थरथरतात. खालच्या कप्प्यात शेवटचं साधारण २० टक्के रक्त ढकलायचं काम होतच नाही. त्यात नाडी आठवडेच्या आठवडे १२०-१३० वर राहिली, तर धडधाकट हृदयही थकतं. असं ठोक्यांमुळे आलेलं हार्ट फेल्युअर मात्र पुष्कळदा सुधारतं: टूडी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) ३० टक्के आलेलं ईएफ, म्हणजे दर ठोक्याला खालच्या डाव्या कप्प्यातून बाहेर फेकल्या जाणाऱ्या रक्ताचं प्रमाण, ठोके ताळ्यावर आल्यावर काही महिन्यांत ५० च्या वर गेलेलं दिसू शकतं. २०१८ च्या कॅसल-एएफ चाचणीतही, दोन्ही आजार असलेल्या निवडक रुग्णांत अ‍ॅब्लेशननंतर (नळी घालून एएफ सुरू करणारी जागा निकामी करण्याचा उपचार) मृत्यू आणि अ‍ॅडमिट व्हायची वेळ नुसत्या औषधांपेक्षा कमी आली. पण चुकलेला प्रत्येक ठोका एएफचा नसतो. अधूनमधून येणारे एक्स्ट्रा बीट निरोगी माणसालाही असतात. एएफ आहे की नाही ते नाडी धरून किंवा स्मार्टवॉच बघून ठरवू नका, ईसीजी काढा.