रेडीमेड कॅम्पला पोरं न्यायची का?
भावा, पहिल्यांदाच पोरं घेऊन चाललायस तर साताऱ्याकडं बामणोलीला शिवसागर तलावाच्या (कोयना धरणाच्या पाण्याच्या) काठावरचा आयता कॅम्प घे, तंबू लावलेला, गादी, जेवण तयार, काही बिघडत नाही, पाचवी-सहावीची पोरं आईशिवाय एक रात्र काढतात तेवढंच लय असतं. पण दुसऱ्या खेपेला तंबू पोरांनीच उभा करायचा, वाऱ्याच्या बाजूची खुंटी आधी ठोकायची, आमटी करपली तरी तीच खायची, त्यातनंच ग्रुप बनतो राव, मी बघितलंय. १९०७ ला इंग्लंडच्या ब्राउन्सी बेटावर स्काऊटचा पहिला कॅम्प झाला तिथंपण पोरांच्या चार तुकड्याच केलेल्या. आणि तिथनं पलीकडच्या वासोटा किल्ल्यावर मुक्कामाचं डोक्यातसुद्धा आणू नको, अभयारण्य आहे ते, संध्याकाळच्या आत बोटीनं परत यायचं.