धूर गेला, डास राहिला
वाचकांचे प्रश्न, आरोग्य सल्लागारांची उत्तरे

प्रश्न (ताळगाव) : आमच्या वसाहतीत चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी दोनदा धुराची फवारणी झाली. तरी एकाच इमारतीत तिघांना डेंग्यू झाला. औषधात भेसळ असते का?

औषधावर संशय घेण्याआधी धुराचे काम काय ते पाहा. धुराने मरतो तो त्या वेळी हवेत उडणारा डास. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती बहुतेक वेळ घरातच असतो : पलंगाखाली, पडद्यामागे, खुंटीवरच्या कपड्यांत. यंत्राचा आवाज ऐकला की आपण खिडक्या लावून घेतो, म्हणजे तो सुरक्षित आणि धूर रस्त्यावर. पाण्यातल्या अळीला तर धुराचा पत्ताच नसतो. दोन-तीन दिवसांत नवे डास बाहेर पडतात. लोकांना धूर दिसतो, त्यामुळे तो मागितला जातो. टाकी घासलेली कोणाला दिसत नाही.

या डासाची मादी अंडी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर कडेला चिकटवते. ती सुकली तरी काही महिने जिवंत राहतात. मे महिन्यात कोरडा पडलेला ड्रम जूनच्या पावसाने भरला, की त्याच अंड्यांतून अळ्या निघतात. म्हणून नुसते पाणी ओतणे हे अर्धे काम. आतली कड काथ्याने किंवा ताठ ब्रशने घासायची, भांडे उपडे करून वाळवायचे. अंड्यापासून डास व्हायला ७ ते १० दिवस लागतात, म्हणून कोरडा दिवस, म्हणजे सगळी भांडी रिकामी करून घासण्याचा दिवस, आठवड्यातून एकदा हवा. पंधरवड्यातून एकदा पाळला तर मधल्या काळात एक पिढी उडून जाते. अळ्यांचे पाणी गटारात नको, कोरड्या मातीवर ओता.

फेरी गच्चीपासून सुरू करा. टाकीचे झाकण लावलेले दिसते, पण पाइप आत जातो तिथे बोटभर फट असते. ओव्हरफ्लोच्या आणि हवेच्या नळीच्या तोंडावर नायलॉनची बारीक जाळी तारेने आवळा. मग ताडपत्रीच्या सुरकुत्या, लिफ्टचा खड्डा, कुंड्यांखालच्या बशा, फ्रीजमागचा ट्रे, मनी प्लांटची बाटली. अंगणात करवंट्या, टायर आणि पोफळीच्या गळलेल्या विऱ्या (झावळीचे रुंद, खोलगट देठ). विरीत ओंजळभर पाणी सहज साठते आणि डासाला तेवढे पुरते. आपल्याकडे गोव्यात आणखी एक अडचण आहे : वर्षातून दोनदाच उघडणारे फ्लॅट. त्यांच्या बाल्कनीतली बादली आणि न वापरलेल्या न्हाणीघरातली पाण्याची भांडी कोण पाहणार? सोसायटीने मालकांकडून लेखी परवानगी घेऊन किल्ली ठेवावी. एडिस सहसा शे-दोनशे मीटरच्या पलीकडे जात नाही. तिघे एकाच इमारतीतले असतील तर उगम बहुधा तुमच्या कुंपणाच्या आतच सापडेल.

प्रश्न (पणजी) : मुलाला सात दिवस ताप होता. सातव्या दिवशी केलेली एनएस-१ चाचणी निगेटिव्ह आली, म्हणून डेंग्यू नाही असे समजायचे का? प्लेटलेट ९०,००० आहेत.

नाही. एनएस-१ हा विषाणूचा अंश तापाच्या पहिल्या पाच दिवसांत रक्तात सापडतो. त्यानंतर तो ओसरतो आणि आयजीएम प्रतिपिंडे (शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रथिने) दिसू लागतात, त्यामुळे सातव्या दिवशी आयजीएमची एलायझा ही प्रयोगशाळेतली चाचणी करायची असते. झटपट पट्टीच्या निकालावर विसंबू नका. जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात विचारा.

प्लेटलेटच्या आकड्यापेक्षा तारखेकडे लक्ष द्या. ताप उतरतो तेव्हा घर निश्चिंत होते, आणि नेमक्या त्याच २४ ते ४८ तासांत रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपण्याचा धोका असतो. पोटात सतत दुखणे, थांबत नसलेली उलटी, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार पडणे, विचित्र गुंगी, सहा तासांत लघवी न होणे : यातले एक जरी दिसले तरी रात्र असो की पाऊस, इस्पितळात न्या. तापासाठी फक्त पॅरासिटामॉल, मुलांना वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये सहा तास. अॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन देऊ नका. रक्तस्रावाचा धोका वाढतो. पेज, शहाळे, ओआरएस थोडे थोडे देत राहा. पपईच्या पानांचा रस हवा त्याने घ्यावा, पण त्यासाठी डॉक्टरकडे जायला उशीर नको. आणखी एक गोष्ट बहुतेक घरांत राहून जाते : तापाच्या पहिल्या पाच दिवसांत रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीत ठेवायचे. त्याला चावलेला डासच पुढे शेजाऱ्याला डेंग्यू देतो.

प्रश्न (म्हापसा) : जुन्या घराच्या बांयचे (विहिरीचे) पाणी पावसाळ्यात गढूळ होते. ब्लीचिंग पावडर किती टाकावी? आम्ही मूठभर टाकतो.

मूठ हे माप नव्हे. आधी पाणी मोजा. व्यास मीटरमध्ये मोजून त्याला त्यानेच गुणा, मग पाण्याच्या खोलीने, मग ७८५ ने. उत्तर लिटरमध्ये येते. व्यास २ मीटर आणि पाणी ३ मीटर असेल तर २ × २ × ३ × ७८५ = ९,४२० लिटर. ताज्या, ३३ टक्के क्लोरीन असलेल्या पावडरीचे प्रमाण हजार लिटरला सुमारे २.५ ग्रॅम, म्हणजे तुमच्या बांयला साधारण २४ ग्रॅम. किराणा दुकानातल्या तराजूवर एकदा मोजून घ्या.

पावडर कोरडी टाकू नका. बादलीत थोड्या पाण्यात लगदा करा, मग बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळा. पाच-दहा मिनिटांत चुना तळाशी बसतो. वरचे नितळ पाणी दुसऱ्या बादलीत घ्या. चुना विहिरीत गेला तर पाणी जड होते. ही बादली दोरीने पाण्याखाली सोडा आणि वर-खाली, आडवी जोरात हलवा. किमान एक तास पाणी उपसायचे नाही, म्हणून हे काम रात्री सोपे. तासाने ऑर्थोटोलिडिनच्या (क्लोरीन तपासण्याच्या) किटने तपासा : लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे. गढूळ पाण्यात मातीच क्लोरीन खाते, तेव्हा मात्रा वाढवावी लागते. पावडरीची पिशवी पावसाळ्यात उघडी राहिली असेल तर तिच्यात क्लोरीन उरलेलाच नसतो, मग वजन कितीही बरोबर असो. साथ असेल तर हे रोज करायचे.

रोज जमत नसेल तर नागपूरच्या नीरीने (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने) सुचवलेली दुहेरी मडक्याची पद्धत आहे : १ किलो पावडर आणि २ किलो जाड वाळू ओलसर कालवून छिद्र असलेल्या लहान मडक्यात, ते मडके छिद्र असलेल्या दुसऱ्या मोठ्या मडक्यात, आणि जोडी पाण्याखाली किमान १ मीटर टांगलेली. सुमारे ४,५०० लिटरच्या घरगुती विहिरीला ती दोन-तीन आठवडे पुरते. तुमची बांय त्याच्या दुप्पट आहे, म्हणून किट जवळ ठेवाच.

शेवटी शोषखड्डा कुठे आहे ते पाहा. बांयपासून किमान १५ मीटर लांब हवा. आपला चिरा भोकाभोकांचा दगड आहे, सांडपाणी त्यातून सहज वाट काढते. शेजाऱ्याचा खड्डा कुंपणाला लागून असेल तर पावडर टाकत राहणे म्हणजे गळक्या छपराखाली भांडे ठेवणे. पिण्याचे पाणी तोवर उकळूनच.

प्रश्न (फोंडा) : बांयमध्ये डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडले होते, सगळे मेले. का?

बहुधा वरचेच कारण. क्लोरीन माशांना मारतो. जिथे पावडर टाकता तिथे झाकण आणि जाळी, जिथे पाणी पिण्याचे नाही तिथे गप्पी. दोन्ही एकाच पाण्यात नको.

प्रश्न (वास्को) : शेजारच्या बांधकामावरच्या कामगारांना मलेरिया झाला. आमच्याकडेही येईल का?

येऊ शकतो. शहरी मलेरियाचा अॅनोफिलिस स्टिफेन्सी डास टाक्यांत, विहिरींत आणि स्लॅबवर सिमेंटचे बांध घालून साठवलेल्या पाण्यात वाढतो. ते पाणी आठवड्यातून एक दिवस पूर्ण काढायला ठेकेदाराला सांगा, नाही ऐकले तर आरोग्य केंद्राला कळवा. हा डास रात्री चावतो, तेव्हा कामगारांना मच्छरदाणी हवी.

त्याच कामगाराला ताप मात्र परत परत येत असेल तर कारण बहुधा वेगळे असते. व्हायव्हॅक्स या प्रकारच्या मलेरियाचे जंतू यकृतात दडून राहतात. क्लोरोक्विन तीन दिवसांत ताप उतरवते, पण दडलेल्यांना मारणारे प्रायमाक्विन १४ दिवस घ्यावे लागते. चौथ्या दिवशी बरे वाटले की गोळ्या सुटतात, मजूर दुसऱ्या साइटवर जातो आणि जंतू बरोबर नेतो. गरोदर स्त्रिया, तान्ही बाळे आणि जी-सिक्स-पीडीची (तांबड्या रक्तपेशींना जपणाऱ्या विकराची) कमतरता असलेल्यांना प्रायमाक्विन चालत नाही, म्हणून स्वतःहून दुकानातून घेऊ नये. मुकादमाने चौदा दिवसांच्या गोळ्या एकदम हातात देण्याऐवजी डॉक्टरांनी ठरवलेली रोजची मात्रा, जेवणानंतर, समोर गिळायला लावावी.