कॅड शिकताय? क्लिक नको, ठरवायला शिका

कॅड म्हणजे संगणकावर ड्रॉइंग आणि मॉडेल बनवणं. ते शिकताना तुमचे प्रश्न दोन आहेत. ऑटोकॅड शिकावं की फ्युजन? आणि व्हिडिओ बघत केलं की मॉडेल बनतं, पण स्वतः करायला बसलं की कोऱ्या स्क्रीनपुढे हात का थांबतो?

पहिल्याचं उत्तर लवकर संपतं. प्लॅन, मांडणी, टूडी ड्रॉइंग हेच काम असेल तर ऑटोकॅड. यंत्राचे भाग किंवा थ्रीडी प्रिंटिंग असेल तर फ्युजन, सॉलिडवर्क्स, किंवा फुकट आणि मुक्त हवं असेल तर फ्रीकॅड. ऑनशेप थेट ब्राउझरमध्ये चालतं, पण त्याच्या फुकट खात्यातली मॉडेलं सगळ्यांना दिसतात, एवढं ध्यानात असू द्या. तुलना करण्यात आठवडे घालवू नका. वरच्या चार थ्रीडी सॉफ्टवेअरांपैकी एक नीट आलं की दुसऱ्यात बराचसा वेळ बटणं शोधण्यातच जातो.

खरी गोम दुसऱ्या प्रश्नात आहे. कुठल्या प्लेनवर (ज्या सपाट पातळीवर पहिलं चित्र काढतो तिच्यावर) सुरुवात करायची, माप कुठून कुठे द्यायचं, आधी काय आणि नंतर काय, हे व्हिडिओ करणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं. तुम्ही त्याचे क्लिक उतरवून घेता. ठरवण्याचा सराव होतच नाही.

म्हणून एखादी साधी वस्तू घ्या. बिजागरी उत्तम. व्हर्नियरने (बारीक मापं घ्यायच्या सरकत्या पट्टीने) मोजा, कागदावर कच्चं चित्र काढून त्यावर मापं लिहा आणि मगच माउसला हात लावा. मोजतानाच प्रश्न पडेल: स्क्रूचं प्रत्येक भोक पट्टीच्या कडेपासून मोजायचं, की दोन भोकांमधलं अंतर घ्यायचं? चौकटीत आधीच पाडलेल्या भोकांवर बिजागरी बसवायची असेल, तर दोन भोकांमधलं अंतर चुकून चालणार नाही. मग स्केचमध्येही (ज्यावरून मॉडेल उभं राहतं त्या सपाट रेखाचित्रात) माप तिथेच द्यायचं. डिझाइन इंटेंट, म्हणजे डिझाइनमागचा हेतू, म्हणतात तो हाच, त्यात गूढ काही नाही.

आता स्केच. बहुतेक नवशिके इथेच घाई करतात. आयताला चार कोपरे. प्रत्येक कोपरा आडवा आणि उभा सरकू शकतो, म्हणजे ८ मोकळीका. दोन बाजू आडव्या आणि दोन उभ्या बांधल्या की ४ उरतात. लांबी-रुंदी दिली की २. एक कोपरा ओरिजिनला, म्हणजे शून्य बिंदूला, टेकवला की एकही नाही. फ्युजन आणि सॉलिडवर्क्समध्ये निळ्या रेषा काळ्या होतात, फ्रीकॅडमध्ये स्केच हिरवं होतं. तो रंग आल्याशिवाय एक्सट्रूड करू नका, म्हणजे स्केचला जाडी देऊन थ्रीडी करू नका. काय सुटलंय ते कळत नसेल तर रेषा माउसने ओढून बघा; जे हलतं ते बांधायचं राहिलंय. (ही कल्पना आजची नव्हे. आयव्हान सदरलंड यांच्या १९६३ च्या स्केचपॅड या चित्र काढायच्या संगणक प्रोग्रॅममध्येही रेषांना असे नियम घालता येत.)

मॉडेल झालं की लांबी दुप्पट करून बघा. भोकं जागेवर राहिली, चूक दाखवणारा लाल रंग कुठे आला नाही, तर बांधणी चांगली. मोडलं तर ट्रीमध्ये, म्हणजे मॉडेलच्या पायऱ्यांच्या यादीत, सुरुवातीपासून जात पहिला लाल फीचर (पायरी) शोधा. बरेचदा पुढचे त्याच्यामुळेच पडलेले असतात. फिलेट, म्हणजे कडेची गोलाई, शक्यतो शेवटी घाला. तो कडा खाऊन टाकतो, आणि पुढचं स्केच त्याच कडेवर टेकलेलं असलं की सगळं कोसळतं.

ऑटोकॅडच घेणार असाल तर एवढं: मॉडेल स्पेसमध्ये (जिथे ड्रॉइंग काढतो तिथे) सगळं खऱ्या मापात, एकास एक काढा, स्केल लेआउटच्या (छापायच्या कागदाच्या) व्ह्यूपोर्टमध्ये, म्हणजे ड्रॉइंग दिसणाऱ्या खिडकीत, द्या. ऑब्जेक्ट स्नॅप चालू ठेवा, म्हणजे रेषेची टोकं नेमकी जुळतात. डोळ्यांनी जुळवलेली रेषा झूम केलं की सुटलेली दिसते, आणि मग हॅच, म्हणजे बंद आकारातली रेघांची भरणी, भरत नाही.

अडलात तर मूळ फाइल दाखवा, एसटीएल (थ्रीडी प्रिंटिंगला वापरतात ती फाइल) नको. एसटीएलमध्ये नुसते त्रिकोण उरतात. स्केच, मापं, क्रम काहीच नसतं, एककसुद्धा नाही. त्यावरून कुठे बिनसलं ते कुणालाच सांगता येत नाही.