नागपुरात किचनच्या ओट्यासाठी मार्बल घ्यावा की ग्रॅनाइट? घेताना काय बघावं?

बेसा भागात फ्लॅट घेतलाय, ओटा दहा फुटी आहे, घरच्यांना पांढराशुभ्र मार्बल हवाय आणि दुकानदार म्हणतो, "कुछ नहीं होता भाभीजी", असं तुम्ही लिहिलंय. त्या दुकानदाराला फक्त एवढं विचारा, की त्याच्या घरचा ओटा कशाचा आहे.

मी पांढरा ओटा करून पस्तावलेली बाई आहे. घराचं काम काढलं तेव्हा हौसेनं मार्बल बसवला. पहिल्याच आठवड्यात पोह्यांवर पिळून उरलेलं अर्धं लिंबू रात्री ओट्यावर पालथं राहिलं. सकाळी उचललं तर खाली रुपयाएवढा फिकट गोल. भांड्याच्या साबणानं घासलं, खायच्या सोड्यानं घासलं, जाईना. जाणार कसा? तो डाग नव्हताच. मार्बल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि आंबट पदार्थ ते खातो. त्या जागेचं पॉलिशच गेलं होतं. मग ‘सीलर मारून देतो’ म्हणत एक जण येऊन गेला. सीलरनं हळद-तेल आत मुरायला वेळ लागतो एवढंच, आंबटापुढे त्याचं काही चालत नाही, हे मला पैसे दिल्यावर समजलं. आपल्या स्वयंपाकात चिंच, दही, टमाटर, लिंबू रोजचंच. हिवाळ्यात तर संत्र्यांची टोपली ओट्यावरच असते. वर्षभरात माझा ओटा देवीचे व्रण उमटल्यासारखा दिसायला लागला. काळा कडप्पा घेऊ का, असंही कोणी सुचवेल. तोसुद्धा चुनखडीचाच दगड, त्यामुळे रंग वेगळा असला तरी रोग तोच. माहेरच्या कडप्प्यावर जे पांढुरके ढग दिसायचे ते कशाचे, हे मला तेव्हा उमगलं.

म्हणून ओट्याला ग्रॅनाइट. मोह्‌सच्या मापावर मार्बलचा कठीणपणा 3 च्या आसपास, ग्रॅनाइटचा 6 ते 7. घाईत कोथिंबीर थेट ओट्यावर चिरली तर सुरीची धार जाते, ओट्याला काही होत नाही. पांढऱ्याची हौस देवघरात भागवा, मीही तेच केलं.

दुसऱ्या खेपेला सासूबाई सोबत आल्या. अमरावती रोडकडच्या एका यार्डात गेलो. उन्हाळ्यात जाणार असाल तर सकाळी नऊच्या आत जा, दुपारी त्या स्लॅबना हात लावणं होत नाही. यार्डवाल्यानं एक ‘पांढरा ग्रॅनाइट’ दाखवला, भाव जरा चढाच. सासूबाईंनी पर्समधून लिंबू काढलं, त्याच्याच चाकूनं कापलं आणि कोपऱ्यावर पिळलं. दहा मिनिटं आम्ही चहा घेतला. पुसून पाहिलं तर कोपरा मंद पडलेला. "भाऊ, हा ग्रॅनाइट लिंबाले भेतो काहून?" एवढंच त्या म्हणाल्या. त्यानंतर त्यानं आम्हाला ‘भाभीजी’ म्हणायचं सोडून ‘माताजी’ सुरू केलं.

तर लिंबू घेऊन जा. शिवाय पाण्याची बाटली, कापूस आणि नेलपॉलिश रिमूव्हर. फिक्या रंगाच्या दगडावर चमचाभर पाणी ओतून थांबा. पाच-दहा मिनिटांत तिथे गडद ओल उमटली तर उद्या हळदीचं तेलही तसंच मुरणार. फिक्या ग्रॅनाइटमध्ये लोहाचे कण असले तर सिंकजवळ पिवळसर गंजाचे ठिपकेही पडतात. काळ्या दगडावर रिमूव्हरचा कापूस घासा. कापूस काळा झाला तर दगड रंगवलेला आहे, सरळ पुढे चला. मग तिरप्या उन्हात स्लॅबला जवळजवळ गाल टेकवून पाहा, केसासारखी चीर तशीच दिसते. मागच्या बाजूला जाळी चिकटवलेली असेल तर का, हे विचारा. कधी ती वाहतुकीसाठी असते, कधी दगड मुळातच कच्चा असतो.

आपल्याकडे दक्षिणेचा माल भरपूर दिसतो. टॅन ब्राउन तेलंगणातल्या करीमनगर भागातला. सोनेरी ठिपक्यांचा ब्लॅक गॅलेक्सी आंध्रातल्या ओंगोलजवळच्या चिमाकुर्तीचा. (भूशास्त्रवाले गॅलेक्सीला ग्रॅनाइट म्हणणारच नाहीत, पण बाजारात काळा आणि कठीण तो सगळा ग्रॅनाइटच.) राजस्थानातून जालोरचाही येतो. आम्ही गॅलेक्सी घेतला. खरं सांगू, त्यावर पाण्याचे वाळलेले थेंब आणि पिठाचं बोट सगळं दिसतं. दिवसातून चारदा फडकं मारायचा कंटाळा असेल तर टॅन ब्राउन बरा, तो सगळं पोटात घालतो.

हातातला चार इंचाचा तुकडा बघून होकार देऊ नका. दगड खाणीगणिक बदलतो, ब्लॉकगणिकही बदलतो. प्रत्यक्ष स्लॅब निवडा, मागे मार्करनं सही करा, फोटो काढा. खडूची खूण पुसली जाते, आणि का पुसली जाते ते विचारू नका.

आता पैसे जातात ती जागा. तुमचा ओटा 10 बाय 2, म्हणजे 20 चौरस फूट. पण स्लॅब अख्खा घ्यावा लागतो. समजा तो साडेदहा फूट लांब आणि 3 फूट रुंद निघाला, तर पैसे साडेएकतीस फुटांचे. त्यामुळे भाव विचारण्याआधी माप घ्या, आणि टेप स्वतः धरा. कडेची तुटकी-वाकडी पट्टी मापात धरलीय का ते बघा. ‘गँगसॉ’चे, म्हणजे मोठ्या यंत्रावर कापलेले रुंद स्लॅब दाखवतील, पण दोन फुटी ओट्याला लहान यंत्रावर कापलेला अरुंद ‘कटर’ स्लॅब पुरतो आणि स्वस्त पडतो, फक्त लांबी दहा फुटांच्या वर हवी, नाहीतर मध्ये जोड येतो. उरलेली फूटभर पट्टी तुमचीच आहे. मागची उभी पट्टी, खिडकीचा उंबरठा त्यातच निघतो. मागितली नाही तर ती यार्डातच राहते. जाडी 18 मिमीच्या आसपास असू द्या. असा स्लॅब 140 किलोच्या घरात जातो आणि लिफ्टमध्ये मावत नाही, तेव्हा वर चढवायचे पैसे कोण देणार हे आधीच ठरवा. मोल्डिंग (कडेला गोलाई देणं) रनिंग फुटानं, म्हणजे कडेच्या लांबीवर, सिंक आणि शेगडीचा कट वेगळा, हे सगळं कागदावर घ्या.

आणि सिंक आधी विकत घ्या. आमच्या मिस्त्रीनं ‘अंदाजानं कापतो’ म्हणत कट मारला, सिंक अर्ध्या इंचानं मोठं निघालं, पुन्हा कापताना सिंकपुढची तीन इंची पट्टी कडकन तुटली. ती जागा सगळ्यात नाजूक असते. शक्यतो स्लॅब ओट्यावर बसवल्यावरच तिथे कट मारायला सांगा. ओट्याच्या पुढच्या कडेला खालून एक बारीक खाचही मारून घ्या, म्हणजे सांडलेलं पाणी कपाटांच्या दारांवर न ओघळता तिथूनच खाली टपकतं. माझ्या ओट्याला ती नाही. पट्टीचा जोड मात्र आहे, काळ्या इपॉक्सीनं भरलेला. पाहुण्यांना दिसत नाही. मला रोज दिसतो.