पेशी-उपचाराचा करार : रक्कम नेमकी कधी देय व्हावी?

प्रश्न : मिरजेतील आमच्या धर्मादाय रुग्णालयात रक्ताच्या कर्करोगासाठी कार-टी पेशी-उपचार सुरू करण्याचा विचार आहे. औषध कंपनीच्या मसुद्यानुसार रुग्णाच्या पेशी काढून घेतल्या की त्याच दिवशी पूर्ण रक्कम देय होते. आमच्या विश्वस्तांचा सगळा भर किमतीत सवलत मिळवण्यावर आहे. बोलणी कशी करावीत?
— रुग्णालय व्यवस्थापक, मिरज

उत्तर : सवलतीचा विषय तूर्त बाजूला ठेवून आपण आधी हे देय दिनांकाचे कलम बदलून घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा होतो तेव्हा माल डोळ्यांसमोर असतो. इथे पेशी काढल्या त्या दिवशी औषध तयारच झालेले नसते. रुग्णाच्या रक्तातून वेगळ्या केलेल्या टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, प्रयोगशाळेत जातात, तिथे त्यांच्यात जनुकीय बदल करून त्या वाढवल्या जातात आणि गोठवून परत येतात. यात काही आठवडे जातात. तेवढ्यात पेशी वाढल्या नाहीत, तयार औषध गुणवत्ता-चाचणीत उतरले नाही किंवा रुग्णच दगावला, तरी आजच्या मसुद्याप्रमाणे पूर्ण रक्कम रुग्णालयाच्या, म्हणजे बहुधा रुग्णाच्या घरच्यांच्या माथी येते.

कंपनीचाही खर्च पेशी हाती आल्यापासून सुरू होतो, त्यामुळे काही आगाऊ रक्कम मागणे गैर नाही. पण मोठा हप्ता औषध रुग्णाच्या शरीरात सोडल्यानंतरच देय व्हावा. अमेरिकेत २०१७ मध्ये किमराया हे कार-टी औषध बाजारात आले तेव्हा ते बनवणाऱ्या नोव्हार्टिस कंपनीने काही रुग्णांबाबत, पहिल्या महिन्याअखेर उपचाराला प्रतिसाद मिळाला तरच पैसे घेण्याची तयारी दाखवली होती. अशी अट मागायची असेल, तर ‘प्रतिसाद’ कोणत्या तपासणीने आणि कितव्या दिवशी ठरवायचा, हे करारातच लिहिलेले असावे.

गोठवलेल्या औषधाची पिशवी ताब्यात घेण्याच्या क्षणाबाबत फार काटेकोर राहा. जनावरांच्या दवाखान्यात रेतमात्रा ठेवण्याचे द्रव नायट्रोजनचे कॅन आपण पाहिले असतील. साधारण तशाच, पण तापमानाची सतत नोंद ठेवणाऱ्या पात्रातून ही पिशवी येते. ती नोंद आणि पिशवीवरील रुग्णाची ओळख तपासून सही होईपर्यंतची जबाबदारी कंपनीची, त्यानंतरची आपली. उशिराबद्दल भरपाईचा आकडा घालणार असाल, तर भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार तो आकडा कमाल मर्यादा ठरतो, न्यायालय त्याच्या आत वाजवी वाटेल तेवढेच देते, हे ध्यानात घेऊनच तो ठरवा.

औषधाचे बिल कोणाच्या नावाने निघणार, हेही आधी ठरवा. धर्मादाय रुग्णालयाला एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते, त्यामुळे औषध आपल्या बिलातून गेले तर तो हिशेब बदलतो.

एकाच कंपनीशी बांधून घेणारे कलम मात्र मान्य करू नका. भारतात नेक्सकार१९ या कार-टी औषधाला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि २०२५ मध्ये कार्टेमी हे दुसरे औषधही आले, त्यामुळे पर्याय आहेत.

शेवटी, रुग्णाचे संमतीपत्र हा मसुदा शेजारी ठेवूनच लिहा. औषध तयार झाले नाही तर किती पैसे परत मिळतील, हे नातेवाइकांना पेशी काढण्यापूर्वी मराठीत वाचून दाखवले गेले पाहिजे.