सात दालनं, सात चित्रं: सुरुवात कशी करावी

डिजिटल चित्रमालिकेसाठी तुम्ही अमेरिकन लेखक एडगर ॲलन पो यांची १८४२ सालची भयकथा ‘द मास्क ऑफ द रेड डेथ’ निवडलीत, फार छान. सात रंगांची सात दालनं कथेतच आहेत, मालिकेचा आराखडा आयताच मिळाला.

आधी सातही चित्रं काडेपेटीएवढी, एकाच पानावर, फक्त तीन करड्या छटांत काढा. मालिका इथेच जमते किंवा फसते.

नवशिके हमखास चुकतात ते प्रकाशात. दालनांत दिवा नाही, मेणबत्ती नाही. बाहेरच्या बोळातल्या आगीचा उजेड रंगीत काचांतून आत येतो. म्हणजे निळ्या दालनात माणसाचा गालही निळाच हवा. तो गुलाबी ठेवलात की माणूस वरून चिकटवल्यासारखा दिसतो. चित्र करड्यात पूर्ण करा, मग मल्टिप्लाय लेयरवर (खालचं चित्र गडद करत त्यावर रंग चढवणारा थर) काचेचा रंग चढवा.

आणखी दोन गोष्टी:
- सातवं दालन काळ्या मखमलीचं आहे, पण तिथे शुद्ध काळा नको, छपाईत मखमलीच्या चुण्या बुडतात. काळपट तांबडा घ्या, काचा लालभडक.
- कॅनव्हास पहिल्यापासून ए३, ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके): ३५०८ × ४९६१ पिक्सेल. नंतर मोठा केलात तर कडा धूसर होतात.

आणि शेवटी मेजवानीत येणाऱ्या त्या अनोळखी, ‘रेड डेथ’च्या वेशातल्या पाहुण्याच्या मुखवट्यामागे चेहरा काढू नका. कथेत तिथे काहीच नाही.